हौशी छायाचित्रे आणि आपला ‘छान’

पावस परिसरात आपली कॅथलिक घरे फार थोडी. त्यांपैकी एका घरी वर्षातून दोन-तीनदा मिस्सा अर्पण करण्याचा योग मला येतो. मिस्सेनंतर ओटीवर चहा होतो, शेजारची माणसे येऊन बसतात आणि घरातला पंचविशीचा मुलगा आपले फोटो घेऊन माझ्यापाशी येतो. आंब्याच्या हंगामात बागेत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने एक जुना कॅमेरा विकत घेतला आहे. बाकीची मंडळी मोबाइलवर फोटो दाखवतात. हा मात्र निवडक फोटो रत्नागिरीहून कागदावर छापून आणतो आणि तपकिरी लिफाफ्यात जपून ठेवतो. गेल्या पावसाळ्यानंतरच्या भेटीत त्याने चाळीसेक फोटो माझ्या हाती दिले. मी एकेक पाहत गेलो आणि सवयीप्रमाणे बोलत गेलो. ‘छान.’ ‘हाही छान.’ ‘वा, सुंदर!’ बाराव्या-तेराव्या फोटोला त्याने उरलेले फोटो माझ्या हातातून हलकेच काढून घेतले आणि म्हणाला, ‘फादर, मागच्या वेळीही तुम्ही सगळ्यांना छानच म्हणालात. यांतला एखादा तरी वाईट असेलच ना? तो कुठला ते सांगा. सगळेच छान असतील तर पुढच्या वेळी मी काय वेगळं करू?’

त्याच्या आईने त्याला डोळ्यांनी दटावले. फादरांशी असे बोलू नये, असे तिला वाटले असावे. मला मात्र उत्तर सुचेना. खरे सांगायचे तर मी ते फोटो नुसते उलटत होतो. पाहिला त्यांतला एकही नव्हता.

हौशी माणसाने आपला फोटो समोर ठेवला तर त्याला काय सांगावे, आणि आपल्या फोटोविषयी दुसरा बोलू लागला तर ते कसे ऐकावे, एवढाच या लेखाचा विषय. तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु आज आपल्या धर्मग्रामांत फोटो निघत नाहीत असे घर राहिलेले नाही. बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, लग्न, सणाची मिरवणूक, इतकेच काय, दफनविधीचेही फोटो निघतात. एवढ्या चित्रांविषयी आपल्यापाशी एकच शब्द असावा, हे साहित्याची आवड सांगणाऱ्या समाजाला शोभणारे नाही. कोणी कविता वाचून दाखवली तर निदान यमक चुकल्याचे तरी आपण सांगतो.

‘छान’ या शब्दाशी माझे वैर नाही. दारातून जाणाऱ्याला आपण ‘या, चहा घ्या’ म्हणतो, त्यातलाच तो एक शिष्टाचार. लग्नाचा आल्बम समोर आला की छानच म्हणावे. तेथे नवरा-नवरीचे कौतुक करायचे असते, चित्राची परीक्षा नसते. पण ज्याने विचारले आहे, ज्याला पुढे जायचे आहे, त्याच्या पदरात तोच शिष्टाचार टाकणे म्हणजे भुकेल्याला नुसता नमस्कार करून वाटेला लावणे होय. वाईट म्हटले तर तो दुखावेल, अशी आपण आपली समजूत घालतो. त्यामागे पुष्कळदा नुसता आळस असतो. वाईट म्हणायचे तर कारण द्यावे लागते आणि कारण द्यायचे तर चित्रापाशी थांबावे लागते. मोबाइलवर उभा अंगठा पाठवला की तेवढेही कष्ट पडत नाहीत.

येथे सेमिनरीतील एक तास आठवतो. प्रवचनकलेच्या त्या तासाला एकाने पाच-सात मिनिटे सराव-प्रवचन करायचे आणि मग वर्गमित्रांनी त्यावर बोलायचे, अशी पद्धत होती. दोषांची यादी करायला आम्ही तयारच असू: आवाज पडला, हात खिशात होते, दाखला लांबला. आमचे प्राध्यापक मात्र प्रथम एकच प्रश्न विचारीत. डोळे मिटा आणि सांगा, तुम्हांला यातले काय आठवते? माझ्या पहिल्या प्रवचनानंतर वर्गात बराच वेळ कोणाला काही आठवेना. त्या शांततेने मला जे शिकवले ते दोषांच्या यादीने शिकवले नसते. आपल्या बोलण्यातले श्रोत्याच्या मनात काय उरले हे बोलणाऱ्याला स्वतःहून कधी कळत नाही. ते श्रोत्यानेच सांगावे लागते. फोटो काढणाऱ्याचीही हीच अडचण असते.

‘हौशी’ हा शब्द आपण जरा खालच्या सुरात उच्चारतो. इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’ या शब्दाचीही तीच गत झाली आहे. पण त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘अमातोर’ आहे, म्हणजे प्रेम करणारा. अमेरिकेचा थोर छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने हा अर्थ जन्मभर अभिमानाने मिरवला. या कलेतले उत्तम काम पोटासाठी राबणाऱ्यांपेक्षा प्रेमापोटी राबणाऱ्यांनी केले आहे, असे त्याचे म्हणणे होते. तो स्वतः पुढे आला तोही अशाच एका हौशी स्पर्धेतून. १८८७ मध्ये लंडनच्या ‘द अमॅच्युअर फोटोग्राफर’ या साप्ताहिकाने सुट्टीतील फोटोंची स्पर्धा ठेवली. परीक्षक होते पीटर हेन्री इमर्सन, डॉक्टरकी शिकलेले, कडक जिभेचे गृहस्थ. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या तेवीस वर्षांच्या स्टिग्लिट्झने इटलीतील बेलाजिओ गावी हसणाऱ्या मुलांचा एक फोटो काढला होता. इमर्सननी त्याला पहिले पारितोषिक दिले. त्या काळी मंडळी पात्रांना बसवून, उभे करून, चार काचा जोडून ‘चित्र’ तयार करीत. या मुलांना कोणी बसवलेले नाही, हे इमर्सनना दिसले आणि त्यांनी ते मोलाचे मानले. परीक्षकाने काय पाहिले यावर एखाद्या मुलाची पुढची वाट ठरू शकते.

याच इमर्सनची दुसरी गोष्ट मला अधिक भावते. १८८९ मध्ये त्यांनी ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ हा ग्रंथ लिहून छायाचित्रण ही कला आहे असे ठासून मांडले आणि विरोधकांना चांगलेच झोडपले. पुढे हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांचे संशोधन प्रसिद्ध झाले. प्रकाश आणि काचेवरील काळेपणा यांचे नाते छायाचित्रकाराच्या मर्जीने वाटेल तसे वाकत नाही, असे त्यातून दिसले. तेव्हा इमर्सननी आपले मत चुकले असे जाहीर करणारी पुस्तिका काढली, तीही मृत्युलेखासारख्या काळ्या चौकटीत. त्यांचा नवा निष्कर्ष मला पटत नाही. फोटोग्राफी ही कला नव्हे असे ते म्हणू लागले, हा दुसरा अतिरेक झाला. पण ज्या आवेशाने टीका केली त्याच आवेशाने ती मागे घेणारे टीकाकार किती? आपल्याकडे तरी मला फारसे भेटलेले नाहीत, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो.

हौशी मंडळींनी एकत्र बसून एकमेकांचे फोटो पाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. तिच्यात इंग्रज अधिकारी होते तसे आपले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. नारायण दाजी धंद्याने डॉक्टर. कॅमेरा हा त्यांचा जीव. सोसायटीचे स्वतःचे नियतकालिक होते. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत जो चित्रसंग्रह अंकाअंकाने काढला त्याच्या नावातच ‘इंडियन अमॅच्युअर’ होता. कोलोडियन लावलेली ओली काच वाळण्याच्या आत फोटो घेऊन ती धुवावी लागे, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल याची कल्पना करावी. अशा वेळी काय बिघडले आणि कसे सुधारावे हे शेजाऱ्याला विचारल्यावाचून गत्यंतर नव्हते. १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि मासिक स्पर्धा, प्रदर्शने, सलोन यांची परंपरा रुजली.

सलोनचा लाभ मी नाकारीत नाही. तेथे जाणाऱ्याच्या कामाला शिस्त लागते. पण तेथील पद्धत अशी, की शेकडो चित्रे परीक्षकांसमोरून जातात, प्रत्येक काही सेकंद थांबते, परीक्षक गुण देतात आणि चित्र पाठवणाऱ्याला ‘स्वीकृत’ किंवा ‘अस्वीकृत’ एवढे कळते. गुण मिळतात, अभिप्राय मिळत नाही. आणि काही सेकंदांत गुण द्यायचे तर हाताशी नियम लागतात. त्यांतला सर्वांत लाडका म्हणजे तिसऱ्या भागाचा नियम: चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करा आणि महत्त्वाची वस्तू त्या रेघांवर ठेवा. हा नियम सीनाय पर्वतावरून आला असावा अशा थाटात सांगितला जातो. वस्तुतः त्याचे नाव प्रथम छापले गेले ते १७९७ मध्ये, कॅमेऱ्याचा जन्म होण्यापूर्वी, जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या ग्रामीण दृश्यांविषयीच्या पुस्तकात. नवशिक्याला तो उपयोगी पडतो. टीकाकाराने मात्र त्याच्या आडोशाला राहू नये.

आता त्या मुलाच्या फोटोंकडे येतो. त्या संध्याकाळी मी चहा बाजूला ठेवला, त्याला सर्व फोटो ओटीवर मांडायला सांगितले आणि अर्धा तास गप्प राहून पाहिले. त्यांतल्या तीन फोटोंविषयी येथे लिहितो. त्याची अनुमती घेतली आहे.

पहिला गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावरील सूर्यास्ताचा. नारिंगी आकाश, मधोमध सूर्य, कडेला दोन माडांच्या काळ्या आकृती. पावसला येणारा प्रत्येक पाहुणा स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराचे दर्शन घेऊन जे दोन-तीन फोटो काढतो त्यांतला हा एक; दुसरा पूर्णगडाच्या तटावरून मुचकुंदीच्या मुखाचा. क्षितिज डावीकडे किंचित उतरले होते, जणू समुद्र चौकटीबाहेर वाहून चालला आहे. हा दोष सांगणे सर्वांत सोपे, आणि टीकाकाराला सर्वांत सुखाचे. मी तो सांगितला. पण खरे म्हणणे वेगळे होते आणि ते सांगायला मला धीर करावा लागला. ‘हा फोटो मी यापूर्वी शंभरदा पाहिला आहे. यात तू कुठे आहेस?’ त्याने फोटो उचलून लिफाफ्यात टाकला. तो दुखावला असे मला वाटले. पण तो म्हणाला, ‘हा मी काढला नाही, फादर. हा सूर्याने काढला.’ मी हसलो आणि जरा सुटल्यासारखे वाटले.

दुसरा बागेतला. हापूसच्या झाडावर चढलेला गडी लांब काठीचा झेला वर सरकवतो आहे. खालून वर कॅमेरा धरलेला, त्यामुळे पानांमागचे आकाश पांढरेफटक पडले आहे आणि गड्याचे तोंड काळे. सलोनच्या परीक्षकाने हा फोटो दोन सेकंदांत बाजूला केला असता, आणि दोष पाहता त्याचे चुकलेही नसते. पण मी नजर हलवू शकलो नाही ती झेल्याच्या जाळीवरून. जाळी फळाच्या खाली येऊन पोचली आहे, देठाला अजून ओढ बसलेली नाही. त्या क्षणी गड्याचा मोकळा हात आपोआप उघडला आहे, जणू फळ जाळीत न पडता तळहातावरच येणार आहे. हा क्षण बाहेरच्या छायाचित्रकाराला सापडला नसता. तो नेमका कधी येतो हे ज्याने स्वतः झेला धरला आहे त्यालाच ठाऊक. मी त्याला प्रथम हे सांगितले आणि तोंड काळे पडल्याचे नंतर. क्रम उलटा असता तर त्याने दुसरे ऐकले असते आणि पहिले त्याच्या कानांपर्यंत पोचले नसते. मग तो स्वतःच म्हणाला की सूर्य पाठीमागे ठेवून झाडाच्या पलीकडे उभे राहायला हवे होते, किंवा आकाश जळाले तर जळू द्यायचे आणि प्रकाश चेहऱ्याच्या मापाने घ्यायचा. उपाय त्याला माहीत होता. कोणी तरी आधी चित्राचे बलस्थान दाखवावे, एवढीच त्याची गरज होती.

तिसरा फोटो गठ्ठ्याच्या तळाशी होता. संध्याकाळची वेळ, खिडकीपाशी बसलेली म्हातारी. चेहरा जवळजवळ अंधारात. खिडकीचा उजेड फक्त हातावर आणि रोझरीच्या मण्यांवर पडलेला. बोटे किंचित हललेली आहेत. म्हणून तो हा फोटो बिघडलेला समजत होता. मला वाटले, मणी पुढे सरकतो आहे हे त्या हलण्यानेच दिसते. बोटे स्थिर असती तर ती प्रार्थना न वाटता देखावा वाटला असता. पुष्कळ वेळ पाहून मी म्हणालो की हा यांतला सर्वांत चांगला फोटो आहे, आणि मग अभिप्राय पुरा करण्याच्या भरात पुढे म्हणालो, ‘फक्त हे कोपऱ्यातलं लाल प्लास्टिकचं स्टूल काढून टाक. डोळा हातावर ठरत नाही, सारखा तिकडे ओढला जातो.’

कोणी काही बोलले नाही. मग त्याची आई म्हणाली, ‘ते स्टूल आमच्या आयेचंच, फादर. तिच्याशिवाय कोण त्यावर बसत नसे.’

आजी जून महिन्यात देवाघरी गेली होती. तिचा दफनविधी मीच केला होता. आणि अंधारातला तो चेहरा तिचा आहे हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९८० मध्ये छायाचित्रांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचा गाभा आहे त्याच्या दिवंगत आईचा लहानपणचा एक फोटो. पुस्तकात इतर अनेक फोटो छापले आहेत. तेवढा एकच छापलेला नाही. तो माझ्यासाठीच आहे, तुम्हांला ते एक साधे चित्र वाटेल, अशा अर्थाचे कारण तो देतो. विद्यार्थिदशेत हे मला फ्रेंच नाजूकपणाचे वाटले होते. पावसच्या ओटीवर त्याचा अर्थ कळला. फोटो काढणारा चौकटीबाहेरचेही पाहत असतो: स्टुलावरची आजी, तिचा आवाज, त्या संध्याकाळी शिजणारा भात. परका फक्त चौकटीतले पाहतो. दोघेही खोटे बोलत नसतात. लाल स्टूल नजरेला ओढते हे माझे म्हणणे खरेच होते, आणि ते स्टूल काढले तर त्या घरासाठी फोटोतून आजीच निघून जाते हेही तितकेच खरे होते. अभिप्राय देणाऱ्याने आपण कोठून पाहत आहोत हे सांगून ठेवले तर निम्मे दुखणे वाचेल. ‘मी परका म्हणून पाहतो आहे’ हे पाच शब्द मी त्या दिवशी आधी उच्चारायला हवे होते.

आता माझ्या एका जुन्या चुकीविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात सणानिमित्त आम्ही फोटोंची स्पर्धा ठेवली होती. एका भगिनीने आपल्या मुलीच्या प्रथम कम्युनियनचा फोटो लावला होता. पांढराशुभ्र फ्रॉक, डोक्यावर जाळी, हातात मेणबत्ती, आणि चेहरा काळपट. बक्षीस-समारंभात ध्वनिक्षेपक माझ्या हाती होता. ‘फोटो काढणाऱ्यांनी निदान सूर्य कुठे आहे ते पाहायला शिकावं,’ असे मी त्या फोटोकडे बोट दाखवून म्हणालो. लोक हसले. मलाही आपण विनोदी बोललो असे वाटले. त्यानंतर त्या भगिनीने एकाही स्पर्धेत फोटो दिला नाही.

वाईट याचे की माझे निदानही चुकीचे होते. सूर्याचा त्यात काही दोष नव्हता. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. चौकट पांढऱ्या फ्रॉकने भरली की तो फसतो, प्रकाश कमी घेतो. फ्रॉक करडा पडतो आणि सावळा चेहरा काळा. अशा वेळी मापकाने सांगितल्यापेक्षा एक ते दीड स्टॉप प्रकाश अधिक घ्यावा लागतो. आपल्याकडच्या प्रत्येक आईला ही अडचण येते, कारण आपली मुले सावळी आणि आपले सोहळे पांढरे. शिवाय दोष एकट्या मापकाचाही नव्हता. रंगीत फिल्मची जुळणी कित्येक दशके गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेल्या पट्ट्या समोर ठेवून होत असे; ‘शर्ली कार्ड’ म्हणून त्या ओळखल्या जात. कॅनडातील संशोधिका लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये हा इतिहास मांडला. गडद रंगछटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कोडॅक कंपनीने मनावर घेतली त्यात मोठा वाटा चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या उत्पादकांचा होता, असे त्यात दिसते. सावळ्या मुलांच्या आयांनी मात्र दोष आपल्या हाताचा समजून तक्रार केली नाही. आणि माझ्यासारख्याने तो समज ध्वनिक्षेपकावरून पक्का केला.

बंधू चुकला तर त्याला प्रथम एकांतात गाठा, अशी प्रभूची शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. संत थॉमस अक्वायनस बंधूची चूक दाखवणे हे प्रेमाचे कृत्य मानतो. पण ज्या बोलण्याने तो सुधारण्याऐवजी अधिक बिघडेल ते आवरावे, असेही सांगतो. हे दोन्ही मी परीक्षेसाठी पाठ केले होते. ध्वनिक्षेपक हाती आला की पाठांतर कोठे जाते कोण जाणे.

आपल्या समाजाची अशी एक मोठी चूक इतिहासात नोंदलेली आहे. गोव्यातील सांतु इस्तेवचा आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून परत आला आणि त्याने पवित्र मरियेला साडी नेसवली, भारतीय चेहरा दिला. गोव्यातील कॅथलिक समाजाने त्याच्यावर अशी टीका केली की तो गाव सोडून पुण्याला आला आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागला. तो आश्रम अँग्लिकन परंपरेतला, हेही लक्षात ठेवण्याजोगे. आज त्याची चित्रे गोव्यातील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये जतन केलेली आहेत आणि आपण ती अभिमानाने दाखवतो. फोन्सेका खंबीर होता, पुण्यात त्याला जागा मिळाली. प्रत्येकाला पुणे मिळत नाही.

ऐकणाऱ्याविषयीही थोडे लिहायला हवे, कारण सगळा दोष बोलणाऱ्याचा नसतो. फोटो दाखवताना आपण आधीच बचाव सुरू करतो: त्या दिवशी ढग होते, माणूस हलला, हा नुसता सहज काढला. बचाव ऐकून समोरचा भला माणूस पुन्हा ‘छान’वर येतो. संत इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या प्रारंभी एक सूचना आहे. दुसऱ्याच्या म्हणण्याचा चांगला अर्थ लावण्याची आपली तयारी हवी. तसा तो लागत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे ते विचारावे. आणि चूकच असेल तर प्रेमाने दाखवावी. साधनेला बसलेला आणि त्याचा मार्गदर्शक, दोघांसाठी ती सूचना आहे हे विशेष. फोटोच्या बाबतीत मधली पायरी मला सर्वांत उपयोगी वाटते. कोणी म्हणाले, ‘हा फोटो मोकळा वाटतो’, तर लगेच सुखावू किंवा दुखावू नये. मोकळा म्हणजे काय ते विचारावे. आणि सांगितलेले सर्वच मानावे असेही नाही. एकाने म्हटलेले त्याच्या आवडीचे असू शकते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवले तर मात्र त्या कोपऱ्याकडे नीट पाहावे.

पावसच्या त्या मुलाने पुढच्या भेटीत आजीचे दोन फोटो आणले. एकात स्टूल होते, दुसऱ्यात चौकट कापून ते वगळले होते. पहिला घरात अल्तारासमोर लावला आहे. दुसरा तो प्रदर्शनाला पाठवणार होता, पण अजून पाठवलेला नाही. त्याला त्यात काहीतरी उणे वाटते आणि काय ते सांगता येत नाही. मलाही सांगता आले नाही, आणि या वेळी मी ‘छान’ म्हटले नाही. झाडावरच्या गड्याचा फोटो तो येत्या हंगामात पुन्हा काढणार आहे, पलीकडच्या बाजूने.

त्या भगिनीकडे मी गेल्या नाताळपूर्वी जाऊन आलो. फ्रॉकवाल्या मुलीचे आता लग्न झाले आहे. मी त्या दिवशीचे बोलणे काढले आणि चूक माझी होती, फोटोची नव्हे, हे प्रकाशमापकासकट समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. ‘मी तर विसरले होते, फादर,’ असे म्हणाल्या. तो शिष्टाचार होता हे दोघांनाही कळले. कॅमेऱ्याचे विचारले तेव्हा कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘आहे तिथंच. सेल तेवढे काढून ठेवलेत.’